चोकची तार

सकाळी आमच्या घरापुढच्या खळ्यात सगळ्यात आधी आवाज व्हायचा तो हॅन्डलचा. गोपाळ गाडीच्या नाकापुढे पाय फाकवून उभा राहायचा, हॅन्डल अर्ध्यावर आणून दम धरायचा आणि मग एका हिसक्यात वर ओढायचा. केबिनमध्ये माझे वडील, अण्णा, चोकचं बटण बाहेर ओढून बसलेले असायचे. पहिल्या हिसक्याला इंजिन नुसता सुस्कारा टाकायचं, दुसऱ्याला शिंकायचं, तिसऱ्या-चौथ्याला धरायचं. धरलं की वरच्या माटवाची, म्हणजे मांडवाची, नारळाची वाळलेली चुडतं थरथरायला लागायची आणि आमची मांजर उडी मारून पडवीत यायची. मग अण्णा चोक हळूहळू आत ढकलायचे, तसा तो घोगरा, छाती भरल्यासारखा आवाज मोकळा होत जायचा. आत चुलीवर पेज रटरटत असायची. आई पेजेवर सुक्या बांगड्याची किसमूर वाढायची, अण्णा आणि गोपाळ पडवीच्या कडेला बसून ती भुरकायचे, आणि इंजिन तापेपर्यंत ते दोघं एक शब्द बोलायचे नाहीत. कान गाडीकडे असायचे.

आमचं घर तोंडवलीच्या अलीकडे, खाडीच्या काठाला. समुद्र दिसायचा नाही, पण गाज दिवसभर कानात असायची. आमची गाडी, म्हणजे मालाचा ट्रक, माझ्यापेक्षा वयाने मोठी होती. लांब नाकाची, पेट्रोलवर चालणारी, कधीतरी लष्कराच्या लिलावातून कोल्हापूरकडे आलेली आणि तिथून अण्णांनी आणलेली. रस्त्यावरच्या बाकीच्या गाड्या तोवर डिझेलवर गेल्या होत्या. ड्रायव्हर लोक अण्णांना चिडवायचे की ही म्हातारी आता देवळात बसवा. अण्णा हसायचे आणि आंब्याच्या दिवसांत देवगडकडच्या बागांतून पेट्या भरून मालवणात आणायचे, काजूच्या दिवसांत वेंगुर्ल्याला बिया न्यायचे. गोपाळ त्यांचा जोडीदार. नावाला क्लीनर, पण वयाने चाळिशीचा, अण्णांपेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान. त्याचं घर आमच्या मागच्या बाजूला, मधे एक फणस आणि एक बाव, म्हणजे विहीर. त्याची बायको सावित्री, तिला मी वयनी म्हणायचे.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. मोठी बहीण लग्न होऊन गेली होती, माझं शाळेचं शिक्षण संपलं होतं आणि पुढे काय हे कुणाला ठरवता येत नव्हतं. मला तर मुळीच नाही. त्या उन्हाळ्यात मला एका जागी बसवत नसे. आईने काजू सोलायला बसवलं तर दहा बिया झाल्या की मी उठून बावीवर जायचे, बावीवरून खाडीवर, खाडीवरून परत. आई म्हणायची, "ह्या चेडवाच्या पायात कोणी काटो ठेवलोहा काय गो?" शांत वाटायचं ते एकाच ठिकाणी, गाडीच्या बॉनेटखाली. तिथे डोकं घातलं की पेट्रोलचा, ग्रीसचा, तापल्या रबराचा वास यायचा, आणि प्रत्येक वस्तू कुठून निघते आणि कुठे जाते हे बोटाने दाखवता यायचं. माझ्या आयुष्याचं तसं नव्हतं.

मला शिकवलं ते पास्कूमिस्त्रीने. मालवणात त्याचं झावळ्यांच्या छपराचं गॅरेज होतं. मोठा अंगाचा, मितभाषी माणूस, कानावर कायम पेन्सिल. अण्णा गाडी घेऊन गेले की मी बरोबर जायचे, आणि मुलगी म्हणून मला बाकावर बसवून ठेवायच्याऐवजी तो माझ्या हातात पाना द्यायचा. ड्रायव्हरसमोरच्या फळीवर दोन काळी बटणं होती. एक चोकचं, दुसरं हाताच्या एक्सलेटरचं. दोन्हींच्या मागून तारा निघायच्या, वरून वळशावळशाचं लोखंडी कवच आणि आत एकेरी पोलादी तार. पत्र्यातल्या भोकातून त्या इंजिनाकडे जायच्या आणि कार्बोरेटरला दोन अंगांनी भिडायच्या. एक हवा अडवायची, दुसरी दार उघडायची. पास्कू म्हणायचा की गाडीला गळा दाबून उठवायचं असतं आणि उठली की लगेच गळा सोडायचा असतो, सगळी विद्या एवढीच.

आता अण्णांच्या पायाबद्दल सांगायला हवं. दोन वर्षांपासून त्यांचा उजवा पाय बधिर होत चालला होता. डॉक्टर साखर म्हणाले. अण्णा गाडी चालवतच राहिले. पण ते बाहेरून घरात येत आणि उजव्या पायातली चप्पल खळ्यातच कुठेतरी निसटून पडलेली असे, आणि त्यांना ते कळलेलं नसे. एका पायात चप्पल घालून ते पडवीत उभे राहत. गोपाळ चप्पल उचलून आणायचा, दोघं हसायचे. आई हसायची नाही. जेवताना ती त्यांच्या पानात सोलकढी वाढता वाढता हळूच विषय काढायची, की आता पुरे झालं, गाडी कुणाला तरी द्या. अण्णा म्हणायचे, ड्रायव्हराचा पाय डोळ्यांनी बघायचा नसतो, तो गाडीला कळतो. आणि उठून जायचे.

वैशाखातल्या एका दुपारी चोकची तार तुटली. बटण ओढलं तर ते सरळ हातात आलं, मागे तुटक्या तारेचा धागा. हाताच्या एक्सलेटरची तारही कवचात गंजून अडकत होती, म्हणून अण्णांनी मालवणहून दोन्ही नव्या आणल्या. पास्कू चर्चच्या एका फेस्ताला गोव्यात गेला होता, चार दिवसांनी येणार होता. दुसऱ्या दिवशी सकाळी बागेत पेट्या भरून तयार असणार होत्या आणि पिकायला लागलेला आंबा कुणासाठी थांबत नाही. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी आधीच पक्कड शोधत होते.

ते काम मला अजून बोटांत आठवतं. जुन्या तारा ओढून काढल्या. नव्या तारांना बोटाने ग्रीस चोळत एकेक कवचातून सरकवली. मग केबिनमध्ये पाय ठेवायच्या जागी उताणी पडून, मान वाकडी करून, फळीच्या मागचे नट घट्ट केले. डोळ्यांत गंज पडत होता. तारा पत्र्याच्या भोकातून इंजिनाकडे काढल्या, त्या गरम नळीला लागू नयेत म्हणून जरा वळण देऊन नेल्या. कार्बोरेटरच्या अंगाला एक लहानशी पट्टी असते, तिच्यात कवच आवळून धरायचं. कवच हललं तर तार खोटं बोलते, हे पास्कूचं वाक्य. मग तार दांडीच्या बारीक भोकातून ओवायची आणि स्क्रू पिळायचा. एक्सलेटरच्या तारेला चिंचोक्याएवढी ढील ठेवली, कारण ती ताणली तर गाडी कधी शांत उभी राहणार नाही. चोकचं बटण पूर्ण आत ढकलून, मग तांदळाच्या दाण्याएवढं मागे घेऊन, आतली झडप सताड उघडी आहे हे बोट घालून पाहिलं आणि मगच पिळलं. गोपाळ बाजूला उभा राहून मला एकेक वस्तू देत होता आणि मधूनच माझ्या तोंडावरचा घाम आपल्या खांद्यावरच्या पंच्याने पुसत होता.

मग मी चोक ओढला, गोपाळने हॅन्डल मारलं आणि इंजिनाने पहिल्याच हिसक्याला धरलं. इतकी वर्षं ते कधी झालं नव्हतं. अण्णा पडवीतून उठून आले आणि बॉनेटला हात लावून उभे राहिले. मी केबिनमध्ये बसून एक्सलेटरचं बटण ओढत होते, सोडत होते, इंजिन वर जात होतं, खाली येत होतं, आणि मला वाटत होतं की हे सगळं जग माझ्या दोन बोटांत आहे. इंजिन गार होतं म्हणून चोक ओढलेलाच होता. आई हाक मारत होती, जेवणं खोळंबली होती. मी बॉनेट बंद केलं, हात धुतले आणि माशाच्या तिखल्याबरोबर तीन वाट्या भात खाल्ला.

तार स्क्रूच्या पलीकडे जी उरते तिला शेपटी म्हणतात. एक्सलेटरच्या तारेची शेपटी मी तोडली होती, वाकवली होती. चोकच्या तारेची तशीच राहिली. चांगली चार बोटं लांब, सरळ, ताठ. तोडायची होती, पण आधी गाडी चालू होते का ते बघू म्हटलं, आणि ती चालू झाली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी एक सायकलवाला खळ्यात आला. आचऱ्याच्या अलीकडची चढण चढून गाडी वर आली आणि वळणावर न थांबता सरळ गेली, असं तो म्हणाला. अण्णांनी ती चिऱ्यांच्या ढिगात घातली म्हणून थांबली, नाहीतर पुढे उतार होता आणि उताराखाली घरं. अण्णांना काही झालं नव्हतं. गोपाळ मागे पेट्यांवर बसला होता, तो पेट्यांसकट खाली आला. त्याची मांडी मोडली होती. त्याला दुसऱ्या एका गाडीत घालून सरकारी दवाखान्यात नेलं होतं.

आई सावित्रीवयनीला घेऊन दवाखान्यात गेली आणि मी सायकलवाल्याच्या मागे बसून चढणीवर गेले. कातळावर ऊन वाजत होतं. पेट्या फुटून आंबे रस्ताभर झाले होते, गडी माणसं चांगले-वाईट वेगळे करत होती. अण्णा एका चिऱ्यावर बसले होते, उजवा पाय दोन्ही हातांनी धरून, जणू तो पाय दुसऱ्या कुणाचा आहे आणि पळून जाईल. मला पाहून म्हणाले, "माझो पाय उठलो नाय गो. मी उठवलंय असा माका वाटला, पण तो उठलो नाय. गाडी ओढीतच रवली. चावी बंद करूकसुद्धा सुचला नाय." एवढं बोलून ते परत पायाकडे बघत बसले.

मी पाणी गळतंय का बघते म्हणून बॉनेट उघडलं. डावा मडगार्ड आत गेला होता, दिवा फुटला होता, बाकी इंजिन शाबूत होतं. आणि कार्बोरेटरजवळ माझी नवी तार चकाकत होती. चोकचं बटण आत ढकललेलं होतं, म्हणून शेपटी पुढे आली होती. काल खळ्यात चोक ओढलेला होता तेव्हा ती मागे होती, कुणाच्या वाटेत नव्हती. सपाटीच्या रस्त्यावरही ती कुणाच्या वाटेत आली नसती. पण चढणीवर अण्णांनी पायाने एक्सलेटर तळापर्यंत दाबला, कार्बोरेटरवरची एक्सलेटरची दांडी पार पुढपर्यंत फिरली, शेपटीला बाजूला सारून गेली आणि शेपटी परत उसळून तिच्या आड बसली. मग अण्णांनी पाय उचलला. पाय उठला होता. दांडी उठली नव्हती. ती अजूनही तशीच अडकून उभी होती, माझ्या डोळ्यांसमोर.

मी मागे पाहिलं. अण्णा पायाकडे बघत होते. मी दोन बोटांनी ती शेपटी वर वाकवली, दांडी टक् आवाज करून आपल्या जागी आली, आणि मी बॉनेट लावून टाकलं.

हे मी का केलं याची उत्तरं मी इतक्या वर्षांत पुष्कळ शोधली आहेत. त्या क्षणी कुठलंच उत्तर नव्हतं, हात आपोआप गेला. उत्तरं नंतर आली, आणि तीच जास्त वाईट होती. घरी अण्णांनी जाहीर केलं की आपण पुन्हा गाडीला पाय लावणार नाही. गाडी दुसऱ्या ट्रकला बांधून ओढत आणली, माटवाखाली उभी केली. आईच्या चेहऱ्यावरची दोन वर्षांची आठी त्या आठवड्यात उतरली. गोपाळसाठी ती रडत होती, रोज त्याच्या डब्याला उकडा भात आणि कुळथाची पिठी करून पाठवत होती, पण अण्णा घरात बसलेले पाहून तिला सुख होत होतं, ते लपत नव्हतं. एकदा फणसाचे गरे काढता काढता ती मला म्हणाली, की देवाने थोडक्यावर निभावलं, एक दिवस हे होणारच होतं. मला वाटलं, खरंच आहे. पाय बधिर आहेच. मी खरं सांगितलं तर अण्णा पुन्हा गाडीवर बसतील आणि पुढच्या वेळी खरोखरच पाय उठणार नाही. म्हणजे मी गप्प बसते आहे ती त्यांच्या भल्यासाठी. एकोणीस वर्षांच्या मुलीला असं कारण सापडलं की ती ते उराशी घट्ट धरते.

पण मला ते निभावेना. मी बावीवर जायचे आणि घागर न भरता परत यायचे. जेवायला बसले की घास तोंडातच फिरायचा. गाज एरवी कानात असून जाणवत नसे, इतकी सवयीची, पण त्या दिवसांत ती सतत ऐकू यायची आणि मला ती बंद व्हावी असं वाटायचं. सावित्रीवयनी सकाळच्या गाडीने दवाखान्यात जायची, संध्याकाळी यायची. आल्यावर फणसाखाली उभी राहून आईला सांगायची की आज वजन बांधलं, आज ताप उतरला. अण्णा आत निघून जायचे. घरात बसलेले म्हणतात तसे ते बसलेले नव्हतेच. पडवी ते माटव, माटव ते पडवी, दिवसभर. गाडीजवळ गेले की तिला हात न लावता वळायचे.

गेल्या वर्षी तोंडवलीला एका होम-स्टेवाल्याने तसलीच एक जुनी गाडी आणून नारळाखाली उभी केली, पर्यटकांना फोटोसाठी. नुसती उभी राहून काय उपयोग, चालू व्हायला हवी म्हणून कुणीतरी त्याला माझं नाव सांगितलं. माझी बोटं आता वाकत नाहीत, तरी दोन्ही तारा मीच जोडल्या. शेपट्या तोडल्या, वाकवल्या, बॉनेट लावलं, परत उघडलं, परत पाहिलं. तीनदा. तो भला माणूस म्हणाला, ताई, ही कुठे रस्त्यावर जाणार आहे. 

अपघातानंतरच्या नवव्या दिवशीची गोष्ट. दुसऱ्या दिवशी कणकवलीकडचा एक माणूस गाडी बघायला येणार होता, अण्णांनी तसा निरोप धाडला होता. सकाळी दहाचा सुमार, आई वरच्या सड्यावर सरपणाची फाटी आणायला गेली होती. मी स्वयंपाकघरातून बाहेर आले तर अण्णा पडवीत पाट घेऊन बसले होते. समोर एक वीट उभी करून तिच्यावर त्यांनी उजवा पाय ठेवला होता. ते पाय दाबत होते, उचलत होते. दाबत होते, उचलत होते. ओठ हलत होते, मनात मोजत असावेत. किती वेळ चाललं होतं कोण जाणे, टाचेला विटेची लाल भुकटी लागली होती. मी उभी आहे हे कळल्यावर त्यांनी वर पाहिलं. माझ्या वडिलांनी माझ्याकडे आयुष्यात कधी काही मागितलं नव्हतं. ते म्हणाले, "जरा बघ गो हय. उठता मा?"

मी पाहिलं. पाय उठत होता. किंचित सावकाश, पण उठत होता.

"उठता," मी म्हणाले.

"मगे त्या दिसा कित्याक उठलो नसतलो?"

मी भिंतीला टेकले. पुढचे शब्द मी आठवडाभर तोंडात घोळवले होते, पण बाहेर आले ते भलतेच. मी म्हणाले, "अण्णा, तुमचो पाय उठललो. गाडयेचीच तार अडाकली. चोकाची शेपटी मी लांब ठेवललंय."

ते विटेवरचा पाय तसाच ठेवून माझ्याकडे बघत राहिले. रागाची माझी तयारी होती. त्यांनी विचारलं ते वेगळंच. शेपटी किती लांब होती, कुठल्या बाजूला वळलेली होती, दांडी कुठे टेकली होती. मी बोटांनी दाखवत गेले, ते मान हलवत गेले, जणू पास्कूच्या गॅरेजात उभे आहेत. मग म्हणाले, "चढणीर बॉनेट उघडललंस, तेवाच बघलंस?"

मी हो म्हटलं.

"आणि नव दीस माका पायाकडे बघूक लावलंस."

हे ते ओरडून म्हणाले असते तर बरं झालं असतं. ते उठले, चप्पल न घालता खळ्यात उतरले आणि मला पक्कड आणायला सांगितलं. गाडीशी जाऊन म्हणाले, "होती तशी कर."

मी बॉनेट उघडलं. वर वाकवलेली शेपटी पकडीने सरळ केली. पक्कड दोनदा निसटून कार्बोरेटरवर आपटली. हॅन्डल मारायला गोपाळ नव्हता. मी ते आयुष्यात पहिल्यांदा मारलं, पाचव्या-सहाव्या हिसक्याला इंजिन धरलं, आणि माझ्या तळव्याची साल निघाली. अण्णा केबिनमध्ये बसले होते. इंजिन तापू दिलं, चोक पूर्ण आत ढकलला, आणि मग उजव्या पायाने एक्सलेटर तळापर्यंत दाबला.

गाडी किंचाळली. माटवाची चुडतं सुटून खाली यायला लागली. मी केबिनच्या दाराशी धावले. अण्णांनी पाय काढून घेतला होता. नुसता काढला नव्हता, दोन्ही पाय वर घेऊन ते सीटवर मांडी घालून बसले होते, पानावर बसावं तसे. समोर कुणी नाही, खाली पाय नाही, आणि इंजिन फुटेल असं ओरडतंय. ते हात मांडीवर ठेवून ते ऐकत होते. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसत नव्हते. किती वेळ गेला सांगता येणार नाही. मग त्यांनी हात पुढे केला आणि चावी बंद केली.

इतकी शांतता झाली की मला पुन्हा गाज ऐकू आली. नेहमीसारखी.

मला वाटलं आता ते गाडी बाहेर काढतील. फाट्यांचा भारा डोक्यावर घेऊन आई खळ्यात येऊन उभी होती, तिलाही तेच वाटलं असणार, तिचा चेहरा मला आठवतो. अण्णा खाली उतरले, तिच्या डोक्यावरचा भारा उतरवून घेतला आणि तिला झालेलं सगळं सांगितलं, माझ्यादेखत, काही न वगळता. शेवटी म्हणाले, की उद्या येणाऱ्या माणसाला येऊ दे. आई म्हणाली, पण पायाची चूक नव्हती ना. अण्णा म्हणाले, "नव्हती. म्हणान आता सोडूक येता. कालपर्यंत ती माझ्या हातातसून काढून घेतल्यासारखी होती, आज मी देतंय." पुढे गोपाळला दवाखान्यातून आणेपर्यंत गाडी आपल्याकडे राहील, एवढी एकच अट त्यांनी त्या माणसाला घातली आणि त्याने ती मानली.

माझ्याशी ते त्या दिवशी आणखी एवढंच बोलले. शेपटी तोड, म्हणाले. मी तोडली. आणि मग फणसाकडे, गोपाळच्या घराच्या दिशेला मान करून ते आत गेले. मला कळलं.

संध्याकाळी सावित्रीवयनी दवाखान्यातून परत आली तेव्हा मी तिच्या उंबऱ्याशी बसलेली होते. ती थकली होती, तोंड धुळीने माखलेलं. मी उभी राहून सगळं सांगितलं. अण्णांना सांगताना शब्द सापडले नव्हते, तिला सांगताना ते सापडत होते आणि प्रत्येक शब्द मला लाज आणत होता. दांडी, शेपटी, चोक, तिला त्यातलं काय समजणार. पण मधेच तिने हात वर करून मला थांबवलं. तिला हवं होतं ते समजलं होतं. तिने दारचौकट धरली. मग म्हणाली, "सांगलंस ता बरा केलंस. पण तू सांगून तेंचो पाय सरळ जावचो नाय."

मी म्हटलं, नाही होणार.

"तेंका कोण सांगतला?"

मी म्हटलं, उद्या मीच येते तुझ्याबरोबर. ती वळली. आत गेली, दिवा लावला, बाहेर येऊन पाहिलं तर मी अजून तिथेच. तिने कोपऱ्यातली घागर उचलली आणि माझ्यापुढे ठेवली. ती रागाने ठेवली की कशाने, मी आजही सांगू शकत नाही. मी ती घेऊन बावीवर गेले.

दुसऱ्या दिवशी गोपाळने मला सगळं बोलू दिलं. त्याचा पाय खाटेच्या कठड्यावरून टांगलेला होता, दोरीला विटा बांधलेल्या. ऐकून झाल्यावर तो छताकडे बघत म्हणाला की त्या दिवशी शेपटी त्यानेही पाहिली होती. पंच्याने माझं तोंड पुसताना पाहिली होती आणि वाटलं होतं की पोरीला माहीत असेल. "माका इचारूक होया होता," तो म्हणाला. मी त्याला म्हटलं, चूक तुझी नाही. तो म्हणाला, तुझी आहेच, पण मीही थय होतंय.

अण्णांनी त्याला त्याच गाडीतून घरी आणलं, केबिनमध्ये बाजूला बसवून, आचऱ्याच्या चढणीवरून. तो अण्णांचा गाडीवरचा शेवटचा दिवस. गोपाळचा पाय दोन बोटं आखूड राहिला. तो पुन्हा कधी गाडीवर चढला नाही, पुढे त्याने नारळाच्या काथ्याच्या दोऱ्या वळल्या, आणि चालताना त्याच्या पायाचा एक दबका आवाज यायचा, तो मला लांबूनही कळायचा. सावित्रीवयनीशी माझं बोलणं हळूहळू पूर्ववत झालं, पण त्या संध्याकाळबद्दल ती कधी बोलली नाही. ते दोघं आता नाहीत.

गोपाळ काठीशिवाय उभा राहीपर्यंत मी त्यांचं पाणी भरलं. दिवसाला सहा घागरी, सकाळी तीन, संध्याकाळी तीन. पहिले काही दिवस वयनी दारात उभी राहून मोजायची. नंतर ती मोजायची थांबली, मी घागर आत नेऊन ठेवायचे, ती चुलीशी काहीतरी करत पाठमोरी असायची. आणि एका सकाळी मी तिसरी घागर ठेवून वळले तर उंबऱ्यावर घावण्यांचं पान आणि नारळाच्या रसाची वाटी झाकून ठेवलेली होती. ती आतूनच म्हणाली, थंड करू नको, बस. मी बसले. त्या उन्हाळ्यात मी पहिल्यांदाच, पान संपेपर्यंत, एका जागी बसले.